गाठीच्या आजूबाजूचं

४ मार्च, सोमवार

ही वही वहिनीने दिली त्याला आज सतरा दिवस झाले. पहिल्या दिवसापासून लिहायचं असं तिने बजावलं होतं. मी हो हो म्हटलं, वही पिशवीच्या तळाला घातली आणि वर साबण ठेवला. त्यामुळे पहिल्या पाच-सहा पानांना आता लिंबाचा वास येतो. टाळाटाळ करण्यात माझा हात कुणी धरणार नाही. वहिनीला ते ठाऊक आहे, म्हणून तिने वही दिली. काही नाही तर एवढं तरी पुरं कर, म्हणाली.

तर सुरुवात. नवी नोकरी, नवी खोली, खोलीला चक्क दोन खिडक्या. एकीतून हॉस्पिटलची मागची भिंत दिसते, दुसरीतून समोरच्या इमारतीतला दात काढणारा डॉक्टर. तो काम नसलं की खुर्चीत स्वतःच झोपतो.

नोकरी कशी लागली तेही लिहायला हवं. दादाच्या डाव्या कानाखाली सुपारीएवढी गाठ होती. लाळेच्या ग्रंथीतली, निरुपद्रवी. तीन महिन्यांपूर्वी याच हॉस्पिटलात ती काढली. मी सोबतीला होते. चहा शोधत फिरताना चुकीच्या दारातून आत गेले, तर एक म्हातारे गृहस्थ कोमट पाण्याच्या परातीत कसलासा तलम पापुद्रा तरंगवत होते आणि तो ओल्या काचेवर असा अलगद उचलत होते की मी चहा विसरून तासभर उभीच. शेवटी ते म्हणाले, काम करायला आलीस की तोंड वासायला? मी म्हटलं, काम करायला.

याआधी मी फोटोकॉपीच्या दुकानात होते, चष्म्याच्या काचा घासायला होते, बोटीवर तिकिटं फाडायला होते. कॉलेजात विज्ञानाला बसले होते, तिथूनही उठले. दादा मला भिंगरी म्हणतो. आईवडिलांच्या मागे त्यानेच मला वाढवलं, त्यामुळे त्याला काहीही म्हणायची मुभा आहे. इथे टिकलीस तर तुझ्या नावाने टाळ्या वाजवीन, असं त्याने फोनवर सांगितलंय.

७ मार्च, गुरुवार

त्या म्हाताऱ्या गृहस्थांना सगळे मास्तर म्हणतात. चौतीस वर्षं ते इथे काप काढतायत.

शरीरातून काढलेला तुकडा मेणात बसवतात. त्याला ब्लॉक म्हणायचं. आगपेटीपेक्षा लहान, प्लॅस्टिकच्या जाळीवर बसलेला, कडेला नंबर. तो बर्फावर गार करायचा आणि यंत्रात बसवून चाक फिरवायचं. दर फेरीला पात्यावरून एक काप सुटतो, केसाच्या विसाव्या हिश्श्याएवढा पातळ. काप एकमेकांना चिकटून रिबिनीसारखे येतात. ती रिबीन पाण्यावर सोडायची आणि काचेवर उचलायची. वाचायला सोपं आहे. माझी रिबीन पहिले दोन दिवस चुरमुऱ्यासारखी उडत होती.

मग मास्तरांनी युक्ती शिकवली. मेण फार गार झालं की काप तडकतो. अशा वेळी ब्लॉकवर वाकून तोंडाने हळूच वाफ सोडायची, आरशावर सोडतो तशी. मेण नरमतं आणि रिबीन सुरळीत येते. जगातले सगळे कापणारे हेच करतात, कुठल्या पुस्तकात मात्र लिहिलेलं नाही, असं ते म्हणाले.

आणखी एक नियम सांगितला. घरच्या माणसाचा ब्लॉक आपण कापायचा नाही. हातात आलाच तर शेजारच्याला द्यायचा. आणि कुणी नसलंच, कापावाच लागला, तर त्याच्यावर वाफ सोडायची नाही. तडकला तर तडकू द्यायचा. मी विचारलं, का? ते म्हणाले, नियम आहे. मला वाटलं, डॉक्टर आपल्या पोरांना तपासत नाहीत तसं असेल काहीतरी. शिवाय तेवढ्यात खिडकीखाली दोन माणसं एक कपाट जिन्यावरून वर चढवत होती आणि ते वळणावर अडकलं होतं, त्यामुळे पुढचं मी नीट ऐकलं नाही.

१२ मार्च, मंगळवार

मॅडमनी आज बोलावून काम समजावलं. त्या इथल्या मोठ्या डॉक्टर, सूक्ष्मदर्शकाच्या. बोलताना समोरच्याकडे बघतच नाहीत, डोळा कायम नळीला. त्यामुळे त्या मला ओरडतायत की काचेला ते कळत नाही.

लाळग्रंथींच्या निरुपद्रवी गाठींचे साठ जुने ब्लॉक काढायचे. प्रत्येकाचे काप घेऊन त्यांना अशी रसायनं लावायची की ठरावीक प्रथिनं जिथे असतील तिथे तपकिरी रंग येईल. बाकी सगळं निळं. त्यातलं एक प्रथिन फक्त वाढायला लागलेल्या पेशींत असतं. अशा गाठीत ते शंभरात दोन-तीन पेशींत दिसतं. गाठीच्या आजूबाजूला जो चांगल्या ग्रंथीचा काठ असतो, त्यात जवळजवळ नाहीच. मॅडमना तो काठ बघायचाय. गाठ शेजाऱ्यांना बिघडवते का, एवढाच प्रश्न आहे, असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, आमच्या चाळीत बिघडवायची. त्या हसल्या बहुतेक. नळी हलली.

यादीत चव्वेचाळिसावा नंबर दादाचा आहे. कागदावर नाव नसतं, पण त्याचा रिपोर्ट मी इतक्या वेळा घडी घालून उघडलाय की नंबर तोंडपाठ आहे. संध्याकाळी त्याला फोन करून सांगितलं की तू आता शास्त्राच्या कामी येणार. तो म्हणाला, माझी गाठ भेटली तर तिला विचार, चाळीस वर्षं फुकट राहिली, भाडं कधी देणार?

१५ मार्च, शुक्रवार

मास्तर आज दाढदुखीने रजेवर. समोरचा डॉक्टर झोपलेला नव्हता वाटतं.

मी एकटीच. चाळीसपासून पन्नासपर्यंतचे ब्लॉक बर्फावर मांडले आणि एकामागून एक कापत गेले. छान लय लागली होती. रस्त्यापलीकडे एक रंगारी शिडीवर चढून दुकानाची पाटी रंगवत होता. दोन अक्षरं झाली होती आणि तिसरं काय येतंय याच्याकडे माझं अर्धं लक्ष. एक ब्लॉक तडकायला लागला. वाकले, वाफ सोडली. पुन्हा तडकला, पुन्हा सोडली, चांगली दमभर. मग रिबीन आली ती काय सुंदर. इतकी लांब की पाण्यात मावेना.

काचेवर नंबर घालताना बघितलं. चव्वेचाळीस.

थोडं चुकचुकल्यासारखं झालं. पण काप सुरेख होता. मध्ये गाठीचं गोल बेट, भोवती ग्रंथीचा अरुंद काठ. दादाचा तुकडा. मी त्याला हळूच म्हटलं, काय रे, कसं काय.

१९ मार्च, मंगळवार

स्लाइड रंगून आल्या. मॅडमनी मला स्वतःच्या खुर्चीवर बसवून एक दाखवली, हे नवलच. गाठ निळी. भोवतालचा काठ मात्र तपकिरी, सगळाच्या सगळा, जसा कुणी चहात बुडवलाय. वाढीचं प्रथिन, आणि तेही चांगल्या ग्रंथीत. बाकी दहाच्या दहा ठीक होत्या. चव्वेचाळीस पुन्हा काप, असं त्या म्हणाल्या.

मास्तर आले होते. या वेळी कापायला त्यांनी घेतला. मी नियमाबद्दल गप्प राहिले.

त्यांचा काप मी पाण्यावर बघितला. काठ रुंद होता. शुक्रवारी नखाच्या कडेएवढा होता, आता बोटाच्या पेराएवढा, आणि त्यात चरबी होती, एक जाड नस होती. खोल गेलं की चित्र बदलतं, असं मास्तर म्हणाले. पण मग त्यांनी ब्लॉक उजेडात धरला आणि विचारलं, शुक्रवारी किती काप काढलेस? मी म्हटलं, वीसेक. ते म्हणाले, मग हा कमी व्हायला हवा.

२२ मार्च, शुक्रवार

वहिनीचा फोन. दादाचा डावा गाल बधिर झालाय. चूळ भरताना पाणी कडेने गळतं. ऑपरेशननंतर असं होतं म्हणे कधी कधी. पण तीन महिने काही नव्हतं. दाढी करताना त्याला अजून एक गंमत दिसली, डावीकडे वस्तरा फिरवावाच लागत नाही. अर्ध्या पैशात दाढी होईल, म्हणाला.

मी फोन ठेवला आणि चव्वेचाळीसचा काप सूक्ष्मदर्शकाखाली घातला.

काठाला त्वचा होती. त्वचेत केसांची मुळं, जाड, तिरपी, ओळीने. दाढीची.

दादाची त्वचा कापून काढलेली नाही. नुसती चिरली आणि शिवली, टाक्यांची रेघ मी रोज पुसत होते. गाठीबरोबर त्वचा आलेलीच नव्हती.

२५ मार्च, सोमवार

मॅडम ओरडल्या, या वेळी माझ्याकडे बघून. दुसऱ्या कुणाचा तरी तुकडा मी पाण्यातून उचललाय, पाणी बदलत नाही, लक्ष नसतं. हा ब्लॉक अभ्यासातून बाद, असं त्यांनी लाल पेनाने लिहिलं. मला बरं वाटलं. पाणी बदललं नसेल मी. तसंच असू दे.

दुपारी तो परत कपाटात ठेवायला गेले. बर्फावरून उचलला तर कोमट होता. मेण जाळीच्या वर आलंय, फुगून. वरच्या बाजूला एक वळण आहे. मी त्याच्यावर बोट फिरवलं.

कानाची पाळी.

वहिनीला फोन केला. तिने सांगायच्या आधीच मी विचारलं, त्याला डाव्या कानाने ऐकू येतं का? ती म्हणाली, तुला कुणी सांगितलं?

२६ मार्च, मंगळवार

मास्तरांना सगळं सांगितलं. वाफेचंसुद्धा.

ते पातं पुसत होते, पुसतच राहिले. मग म्हणाले, त्यांचा धाकटा भाऊ. एकतीस वर्षं झाली. जबड्याखाली गाठ होती, अशीच, कुणाला त्रास न देणारी. मास्तरांनी मोठ्या हौसेने भावाचा ब्लॉक स्वतः कापला. वाफ सोडली. मग हेच. आधी काठ, मग कातडी, मग जिवणीचा कोपरा. इकडे जे येईल ते तिकडून जायचं. भीतीने त्यांनी ब्लॉक कपाटात कोंडला, नऊ दिवस हात लावला नाही. तरी तो आपला आपण ओढत राहिला. दहाव्या दिवशी त्यांनी तो तापलेल्या मेणाच्या भांड्यात टाकला. विरघळला. त्याच दुपारी भाऊ जेवता जेवता पानावर पडला.

त्याचं इकडे आलेलं होतं ना त्यात, म्हणाले. तेच मी वितळवलं.

तिसरा काही उपाय? ते म्हणाले, मला दोनच माहीत आहेत आणि दोन्हींचा शेवट एक.

घरी कुणाला त्यांनी कधी सांगितलं नाही. नियम तेवढा सांगत आले, प्रत्येक नव्या माणसाला. मला सांगितला तेव्हा मी जिन्यात अडकलेलं कपाट बघत होते.

२७ मार्च, बुधवार

झोप नाही. विचार करून करून डोक्याचा भुगा.

वितळवलं तर दादा जातो. ठेवलं तर थोडा थोडा जातो. पण तो ओढतो कशासाठी? अपुरा आहे म्हणून. गाल आहे तर मान नाही, कान आहे तर डोकं नाही. मास्तरांनी दोन्ही वेळा अर्ध्यावर सोडलं. आधी कोंडून, मग वितळवून. पुरं झालं तर त्याला ओढायला काही उरणार नाही. थांबेल.

मास्तर म्हणाले, नको, पोरी. असं कुणी केलेलं नाही. पुरं होऊन काय होईल ते तुला माहीत नाही, मलाही नाही.

मी आयुष्यात एकही गोष्ट पुरी केली नाही. ही करणार.

मागच्या सामानाच्या खोलीत काचा धुवायची जुनी टाकी आहे, माणूस झोपेल एवढी. ब्लॉक तिच्यात ठेवला. दार लावून घेतलं. वाकले आणि वाफ सोडली, चक्कर येईपर्यंत.

२८ मार्च, गुरुवार

जबडा. मान. दुपारपर्यंत खांदा. वर चादर टाकलीय, चादरीखाली बघत नाही, नुसती वाकते.

वहिनी सांगते, दादा बसू शकत नाही. डाव्या बाजूला कलंडतो. डॉक्टरांना काही कळत नाही. विनोद करत नाही तो आता.

वहिनी विचारते, कधी येतेस? आठ तासांची तर बस आहे. मी सांगितलं, काम आहे. ती म्हणाली, तुला कधीपासून काम असायला लागलं?

बरोबर आहे तिचं. पण मी इथून हलले तर—

२९ मार्च, शुक्रवार

ओठ सोलवटलेत. मास्तर दाराबाहेर उभे होते, आत आले नाहीत. पाण्याचा तांब्या ठेवून गेले.

चादर लांबलीय. पायांपर्यंत.

३० मार्च, शनिवार

दादा सकाळपासून उठलेला नाही. डोळे अर्धे उघडे. वहिनी फोनवर नुसती रडते, मध्येच त्याला हाका मारते, मध्येच मला.

चूक केली का मी? दोन्हीकडचा तोल— एवढासा राहिलाय तिकडे आणि मी आणखी ओढतेय. थांबू? थांबले तर मास्तरांसारखंच. अर्ध्यावर.

नाही थांबणार.

दादा, रागावू नकोस. थोडंच राहिलंय.

३१ मार्च, रविवार

सुट्टी. इमारतीत कुणी नाही. दहा वाजता वाकले, वाफ सोडली, दम घ्यायला थांबले.

चादर वर झाली. खाली गेली. वर झाली.

माझं तोंड मिटलेलं होतं.

बाहेरून कुलूप लावून आले. पळत. वहिनीचा फोन लागत नाही. लागत नाही. लाग—

१ एप्रिल, सोमवार

वहिनीचा फोन आला. आत्ता. साडेनऊला. दादा उठला.

सकाळी आपण होऊन उठला, न्हाणीघरात चालत गेला. तोंड सरळ. कान ठीक. डाव्या गालावर खुंट वाढलेत म्हणून वहिनी हसतेय आणि रडतेय. फोन टेबलावर ठेवलाय, आवाज मोठा करून, आणि मी लिहितेय. लिहिलं नाही तर मलाच खरं वाटणार नाही. दादा पलीकडून ओरडतोय, चहा पुचाट झालाय, आजाऱ्याला असला चहा देतात का? मला म्हणाला, भिंगरी, तू टिकलीस म्हणे. टाळ्या वाजवल्या त्याने. दोन्ही हातांनी. ऐकल्या मी.

थांबलं. पुरं झालं आणि थांबलं. मास्तरांना सांगितलं. ते खुर्चीत बसले, डोळे पुसले. मग म्हणाले, आणि टाकी?

फोन तसाच चालू ठेवून टाकी बघून आले. रिकामी. तळाला मेणाचा चुरा. कुलूप जागच्या जागी होतं, कडी आतून उपटलेली. ओल्या पावलांचे ठसे दारापर्यंत, पुढे नाहीत.

मास्तर म्हणतात, कुणाला सांगू—

काउंटरवरची ताई आली. दारातून डोकावून म्हणते, तुझा भाऊ आलाय हे सांगायचं नाही होय? सकाळपासून बाकावर बसलाय, अनवाणी. ऑपरेशनच्या वेळी बघितलं होतं म्हणून ओळखलं. काय छान झालाय, म्हणते, कानाखाली रेघसुद्धा दिसत नाही. फारसं बोलत नाही. घरचा पत्ता विसरलाय म्हणाला, बायको वाट बघत असेल म्हणाला. मग मी जुन्या फायलीतून पत्ता लिहून दिला. निघालाच होता, तर म्हटलं, बहिणीला भेटून तरी जा. घेऊन आले बघ.

तिच्या मागे पावलं.

वहिनी, दाराला आतून— कुणी आलं तरी, मी म्हटलं तरी, दादासारखा आवाज आला तरी—

फोनमधून दादा विचारतोय, कोण आलंय गं तुझ्याकडे?

मी त्याला काय सां